फ्रिजचा दिवा

दाराच्या चौकटीवर मेझुझा तिरकी ठोकली आहे.
कोण्या काळी एक पंडित म्हणाला, उभी हवी,
दुसरा म्हणाला, आडवी.
वाद मिटेना, तेव्हापासून ती कलती.
आमचं बिऱ्हाडही तसंच,
कोशित्सेत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय,
भाडं सहा जणांत.
फरशीवर सफरचंद ठेवलं तर घरंगळत बाथरूमपर्यंत जातं.

आम्ही जनावरांचे डॉक्टर होणार आहोत.
झेलिग अँटवर्पचा. देबोरा मॉन्तेविदेओची.
तामीर हैफाचा, देस्ता अश्दोदची.
रेनाटे ओस्लोची, आख्ख्या शाळेत ती एकटीच ज्यू होती,
त्यामुळे तिला अजून गर्दीची सवय नाही.
आणि मी रेझिना, इस्तंबूलची.
माझी आत्या रागावली की
पाचशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिशमध्ये शिव्या देते.

ओट्याखाली दोन खण. निळ्या पट्टीचा दुधाचा,
लाल पट्टीचा मटणाचा.
एकदा तामीरनं लाल चमच्यानं दही खाल्लं.
झेलिगनं तो चमचा तीन दिवस
खिडकीतल्या कुंडीत पुरून ठेवला.
उगवला नाही, असं देबोरा रोज सकाळी कळवायची.

जेवायच्या टेबलावर घोड्याच्या खुराची हाडं,
त्याच टेबलावर शुक्रवारचे दोन पाव.
मध्ये फक्त एक चादर.

आणि पाळ्यांचा कागद: कचरा, जिना, मोरीतले केस,
फ्रिजचा बल्ब.
शुक्रवारी ऊन कलायच्या आत तो ढिला करायचा,
नाहीतर दार उघडताच दिवा लागणार,
आणि शब्बाथला दिवा लावायचा नाही.

नोव्हेंबर. सोमवारी परजीवींची परीक्षा.
पाळी माझी होती.

मेणबत्त्या पेटल्या होत्या, वाइनवर आशीर्वाद म्हणून झाला होता.
झेलिगचा हात फ्रिजच्या मुठीवर गेला
आणि तिथंच थांबला.
कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आत मासा, बीट, सूपाचं मोठं पातेलं,
रेनाटेनं आयुष्यात पहिल्यांदा केलेलं काहीतरी गोड.
बाहेर पाव, मीठ, काकडीचं लोणचं अर्धी बरणी,
आणि एका पिशवीत अक्रोड.

तामीर म्हणाला, "मी उघडतो. मला चालतं."
चालतं, हे खरंच होतं.
दर गुरुवारी तो स्टेशनवर काय खातो
ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं
आणि कुणीही ते बोलत नसे. एवढं सोवळं आम्ही पाळायचो.

झेलिग हळूच म्हणाला,
"आमच्यासाठी उघडलंस तर आम्हाला खाता येणार नाही.
तुझ्यासाठी उघड. तू जेव."

तामीर फ्रिजसमोर उभा राहिला.
आतली मोटर घुरघुरायला लागली,
कोपऱ्यात बसलेलं जनावर जसं ओळख पटेपर्यंत घुरघुरतं.
मग तो येऊन बसला,
अक्रोड मुठीत घेतला
आणि फोडला. पहिला मला दिला.

देस्ता म्हणाली, "बाबांच्या गावी, गोंदरकडे,
शुक्रवारी विस्तवही विझवायचे.
सगळं गाव अंधारात, गारच जेवायचं.
यात काय एवढं?"
आणि पाव तोडून मिठात बुडवला.
रेनाटे आधी हसली. तिचं हसणं आम्ही
तोवर ऐकलंच नव्हतं, घोड्याला शिंक यावी तसं होतं.
त्यानंतर कुणालाच आवरेना.
खालच्या मजल्यावरून छतावर झाडू ठोकला गेला, दोनदा.

शनिवारी रात्री देबोरानं खिडकीतून तीन तारे मोजले.
तिसरा कदाचित पोलादाच्या कारखान्याचा दिवा असेल,
आम्ही वाद घातला नाही.
दार उघडलं.
सहा तोंडांवर पिवळा उजेड,
सूप पातेल्यातच गोठून थरथरणारं.
गरम न करता, उभ्याउभ्याच संपवलं.

सकाळी कागदावर माझं नाव खोडलेलं होतं.
बल्बपुढे तामीरचं होतं,
पुढच्या शुक्रवारी, त्याच्या पुढच्याही,
थेट जूनपर्यंत.
अक्षर त्याचंच.